डावीकडचा श्वास

त्यानं पहिल्यांदा माझा हात नाही, पाय धरला.

आणि तो असा, की सोडेचना! सकाळची पहिली बॅच यायच्या आधी मी टँकमध्ये माझी माझी पोहत होते. खोल बाजूला वळले आणि घोट्याला काहीतरी चिकटलं. मी झटकलं, तर ते आणखीच आवळलं. मग मी दुसऱ्या पायाने सणसणीत लाथ हाणली, तेव्हा बुडबुड्यांतून एक माणूस वर आला. डोळे बटाट्याएवढे झालेले, तोंडात निम्मा टँक. बगलेत हात घालून मी त्याला कडेला आणून टाकलं. तो खोकला, ठसकला, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"सॉरी हं... मला वाटलं शिडी आहे."

"माझा पाय तुम्हाला शिडी वाटला?"

"पाण्याखाली सगळं सारखंच दिसतं."

"मग पाण्याखाली गेलात कशाला?"

"गेलो नाही हो," तो कळवळून म्हणाला, "नेलं मला पाण्याने!"

मी हसले. तिथेच माझं चुकलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईने बुडणाऱ्याला रागवायचं असतं, हसायचं नसतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचच उंच इमारतींच्या त्या काळ्या विहिरीसारख्या पोकळीत दोराला लटकून दिवसभर काम. तिथे भीती नाही, पण कंबरभर पाण्यात पाय लटपटायचे. आणि या शूरवीराने ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं होतं! आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. सायकल तो वाऱ्यासारखी चालवायचा. धावायचाही बरा.

"आणि पोहणं?" मी विचारलं.

"ते... वाटलं, जमेल."

"पोहणं पहिलं असतं, ठाऊक आहे ना? तिथेच बुडालात तर पुढचे कष्ट वाचले."

तो इतका मोकळा हसला की त्याचे मोठे कानसुद्धा हलले. कान खरंच मोठे होते. टोपीत मावायचे नाहीत. टोपी घातली की दोन्हीकडून डोकावायचे, दार किलकिलं करून बघणाऱ्या पोरांसारखे.

असा सौदा ठरला. मी त्याला पाणी शिकवायचं, त्यानं मला सायकल. कारण मीही किती वर्षं मनात घोकत होते, एकदा ट्रायथलॉन करायचीच. पण शाळेत असताना सायकलवरून गटारात पडले होते, तेव्हापासून सायकलशी माझं बोलणं बंद होतं.

महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी त्याला लिफ्टवाला म्हणायचे, तो मला मास्तरीण.

"मास्तरीणबाई, आज काय शिकवणार?"

"श्वास घ्यायला."

"तो तर जन्मापासून घेतोय."

"पाण्यात घेऊन दाखव... मग बोल."

आता हे समजून घ्या, कारण पुढे सगळं याच्यावरच येऊन अडतं. तोंड पाण्यात ठेवून हात मारत जायचं आणि श्वासापुरतं तोंड बाजूला वळवायचं. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. दोन्ही बाजू यायला हव्यात. एकाच बाजूने घेत राहिलं की मान आखडते, खांदा धरतो. मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना हेच सांगते. पण त्याला डावी बाजू काही केल्या जमेना. डावीकडे वळला की गटागटा पाणी प्यायचा. मग मी त्याच्या उजवीकडे, शेजारच्या पट्ट्यात पोहायला लागले. त्याला धीर यावा म्हणून, दुसरं काही नाही... निदान सुरुवातीला तरी नाही.

तो उजवीकडे वळायचा, मी डावीकडे. दोन हात मारले की समोरासमोर. श्वास घेण्यापुरतं तोंड उघडलेलं, गॉगलमागे डोळे, गालांवर पाणी. पुन्हा आत. पुन्हा दोन हात, पुन्हा तो. एका फेरीत किती वेळा आमची नजर भेटायची! रस्त्यावर एखाद्याने इतक्या वेळा वळून पाहिलं असतं तर मी चप्पल काढली असती. इथे मी पुढच्या श्वासाची वाट बघायचे.

"डावीकडून शिक रे," मी एकदा कडेला टेकून म्हटलं, "खांदा जाईल."

"डावीकडे भिंत असते," तो म्हणाला.

"मग?"

"उजवीकडे तू असतेस."

मी टोपी नीट केली. नीटच होती, तरी केली. आणि त्याची डावी बाजू तशीच कच्ची राहू दिली.

सायकलवर मात्र तो माझा गुरुजी. रविवारी शहराबाहेरच्या रस्त्यावर तो सीट धरून मागे धावायचा. "सोडू नकोस हं! सोडलंस तर बघ!" मी ओरडायचे. "नाही गं, धरलंय," असं त्याचं उत्तर यायचं... आणि आवाज हळूहळू लांब जायचा. एकदा मागे वळून पाहिलं तर तो कुठच्या कुठे उभा, कमरेवर हात, हसतोय. मी घाबरून पडले. बारीक पाऊस भुरभुरत होता. माझा गुडघा सोलवटला होता. त्यानं पाण्याच्या बाटलीने तो धुतला, फुंकर घातली आणि खाली बघतच म्हणाला, "स्पर्धेत शेवटची रेषा... हात धरून ओलांडायची का?"

"तू तर माझ्या कितीतरी आधी पोचशील."

"थांबेन. रेषेच्या अलीकडे थांबेन. हात धरून जाऊ, आणि तिथूनच तुझ्या घरी. आईंना भेटायला."

झालं! मला सायकल आली ती त्या दिवशी. परतताना एकदाही पडले नाही.

घरी आईला सांगून टाकलं. आई शिवणाच्या कारखान्यात कापड बेतते. मापाशिवाय एक शब्द बोलत नाही. तिने कात्री खाली ठेवली.

"उंच आहे?"

"आहे."

"स्वभाव?"

"हसरा."

"खोड काय? एखादी तरी असेलच."

"कान मोठे आहेत."

"ऐकून घेणारा असला म्हणजे झालं," आई म्हणाली आणि मावशीला फोन करून तिने आणलेलं स्थळ परत पाठवलं. मावशी फणकारली. आई म्हणाली, स्पर्धा होऊ दे, मग सांगते. थोडक्यात काय, माझं सगळं त्या एका रेषेवर येऊन थांबलं होतं.

आणि मग त्याचा खांदा धरला. धरणारच होता.

त्याला खांदेवालीकडे पाठवलं मीच. क्लबमध्ये फिजिओथेरपी करणारी, हाताला गुण असलेली, स्वतः दरवर्षी ट्रायथलॉन करणारी. मी तिला सांगितलं, "आमचा लिफ्टवाला आहे, जरा सांभाळून." ती हसून म्हणाली, "सांभाळते." तो खांद्यावर निळी चिकटपट्टी लावून आला. पट्टीचं टोक सुटलं की मी बोटाने दाबून बसवायचे. मोठ्या मायेने बसवायचे हो! आज आठवलं की स्वतःच्याच बोटाचा राग येतो.

नंतर त्याची कामं वाढली. मंगळवारी कुठल्याशा इस्पितळाची लिफ्ट, शुक्रवारी कुठल्याशा बँकेची. शहरातल्या सगळ्या लिफ्ट एकदमच बंद पडायला लागल्या. मला वाटलं, बिचारा दमतोय.

स्पर्धेच्या सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि पाणी थंडगार. आम्ही हौशी लोक काठावर कुडकुडत उभे. तो उगाचच गॉगल पुसत होता.

"घाबरलास?"

"थोडासा."

"मी उजवीकडे आहे," मी म्हटलं.

त्यानं गॉगल डोळ्यांवर चढवला. शिट्टी वाजली आणि सगळे पाण्यात घुसले. लाथा, कोपरं, फेस! मी धडपडत त्याच्या उजवीकडे जागा धरली. दोन हात मारले, डावीकडे वळले...

त्याच्या डोक्याची मागची बाजू.

वाटलं, गोंधळलाय. पुन्हा दोन हात. पुन्हा टोपी, टोपीतून डोकावणारा एक कान, आणि चेहरा पलीकडे. तो डावीकडून श्वास घेत होता. छान, सफाईने, एक थेंब न पिता. महिनोन्‌महिने न जमलेली गोष्ट! क्षणभर माझ्यातल्या मास्तरणीला आनंदच झाला, काय सांगू. मग मी वेग कमी केला, त्याच्या पायांमागून पलीकडे गेले आणि बघितलं.

त्याच्या डावीकडे खांदेवाली होती. तिच्याही खांद्यावर तशीच निळी पट्टी. तो तिच्याकडे वळायचा तेव्हा ती त्याच्याकडे. दोन हात, की समोरासमोर. पुन्हा आत. पुन्हा दोन हात. ताल जराही चुकत नव्हता. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. शेजारी शेजारी पोहणारी दोन माणसं, बस. पण ते काय आहे, हे त्या अख्ख्या तळ्यात मलाच ठाऊक होतं... कारण ते माझं होतं.

गॉगल आतून भरला. मी तशीच पोहत राहिले. पाण्यात रडण्याची एक सोय असते, कोणी पुसायला येत नाही आणि पुसायची गरजही पडत नाही.

सायकली लावलेल्या जागी तो बूट चढवत होता. मी पोचले तसा त्याचा हात नाडीवर थबकला.

"डावीकडून छान घेतोस," मी म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"अगं, ते खांद्यासाठी... तिने सांगितलं होतं की..."

"मंगळवारी आणि शुक्रवारी?"

त्याचे कान लाल झाले. कानांचं एक बरं असतं, त्यांना खोटं बोलता येत नाही.

"मी सांगणार होतो तुला. स्पर्धा झाली की..."

"स्पर्धा झाली की तू माझ्या घरी येणार होतास."

"हो, म्हणजे... तुझा आज विरस व्हायला नको म्हणून..."

"आईसमोर सांगणार होतास का? चहा घेता घेता?"

"मास्तरीण, ऐक ना..."

"जा," मी म्हटलं. "मागचे लोक खोळंबलेत."

तो गेला. मी हेल्मेटचा पट्टा लावत बसले. पट्टा लागत नव्हता. सोडून द्यावं, घरी जावं, पांघरूण घेऊन पडावं, असं वाटलं. मग वाटलं, पाणी माझं होतं, ते गेलं. आता सायकलही याच्यापायी सोडू? गुडघ्याचा व्रण काय उगाच मिरवते मी?

स्पर्धेत पुढच्या सायकलच्या मागे चिकटून जायचं नाही, असा नियम असतो. वारा पुढच्याने खायचा आणि आयतं मागच्याने जायचं, हे चालत नाही. ज्याचा वारा त्यानेच खायचा. मी खाल्ला. चढावर लोक मला मागे टाकून जात होते. मी मनातल्या मनात "सोडू नकोस हं" म्हणत होते, आणि मागून "धरलंय" म्हणणारं कोणी नव्हतं. तरीही पडले नाही. धावताना पोटऱ्यांचे दगड झाले. शिव्या आठवतील तेवढ्या दिल्या, आधी त्याला, मग तिला, मग निळ्या पट्टीला.

आणि शेवटच्या वळणावर तो दिसला. रेषेच्या अलीकडे, बाजूला उभा. नारिंगी बनियन, टोपी हातात, कान मोकळे. बाकीचे धडाधड रेषा ओलांडत होते आणि हा थांबला होता. खरंच थांबला होता! मला बघून त्यानं हात पुढे केला.

"चल ना," तो हळूच म्हणाला. "ठरलं होतं आपलं... निदान एवढं तरी."

खोटं कशाला सांगू? मला तो हात हवा होता. त्या क्षणीही हवा होता. पाय थकले होते, घसा कोरडा पडला होता, आणि तो हात ओळखीचा होता. धरला असता तर फोटोत सगळं जमून आलं असतं. पण 'निदान' म्हणून दिलेला हात घेऊन मी कुठवर जाणार होते? रेषेपर्यंत. पुढे तर तो हात तिचाच होता.

मी त्याच्या उजवीकडून गेले. त्याच्याकडे तोंड न वळवता.

रेषेपलीकडे कठड्याला रेलून आई उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. कारखान्यातून सुट्टी घेऊन, नवे बूट घालून, थर्मास घेऊन ती त्याला बघायला आली होती. तिने माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि माझा चेहरा वाचला. मग मान वर करून माझ्या मागे, रेषेच्या अलीकडे बघितलं. तिथे तो अजून उभा होता. पुढे केलेला हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आला नाही, आई," मी म्हणाले. "तो आलाच नाही."

आई बराच वेळ तिकडे बघत राहिली. त्या हाताकडे, त्या कानांकडे. तिची नजर मापाला कधी चुकत नाही.

"कान मोठे आहेत म्हणाली होतीस ना?"

"हो."

"नाही बाई," आई म्हणाली आणि थर्मासचं झाकण उघडायला लागली. "मलाही नाही दिसत कुठे."

मग मात्र मला रडू फुटलं.