पॉलिशवाल्याची चाहूल

ताई त्या दुपारी एका दातांच्या डॉक्टरकडे कवळी पोचवून परत येत होती. काम रोजचंच. कापसात गुंडाळलेली कवळी हवाली करायची, नव्या पेशंटांचे ठसे पिशवीत घालायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी आपल्या खुर्चीवर परत. बाहेर ऊन मी म्हणत होतं. जिन्यात शिरताच डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून ती कठडा धरून जरा थांबली. तेव्हा वरच्या पायऱ्यांवर तिला पावलं ऐकू आली.

टक्... घस. टक्... घस.

उजव्या टाचेला लोखंडी नाल आणि डावा पाय किंचित ओढत टाकलेला. अशी चाल त्या इमारतीत एकाचीच होती. पॉलिशवाल्याची. त्याला तर मालकांनी कामावरून काढून टाकलं होतं.

राहिलेलं सामान न्यायला आला असेल, असं मनाशी म्हणत ताई वर आली. जाळीचं दार उघडं होतं. दाराशी टेबल मांडून फोन घेणारी पोरगी डबा सोडत बसली होती. तिच्या तोंडाला खंड म्हणून नसायचा, त्यामुळे सगळे तिला रेडिओ म्हणायचे.

"कोण आलं गं आत्ता?"

"कोण येणार? तुझीच वाट बघतेय. भूक लागून आतडी गोळा झाली."

ताईने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. पण उंबऱ्यापाशी लवंगेच्या तेलाचा उग्र वास होता. पॉलिशवाल्याची एक दाढ कायम ठणकत असे. लोकांच्या कवळ्या आरशासारख्या चमकवणारा तो माणूस स्वतःच्या किडक्या दाढेत त्या तेलाचा बोळा धरून दिवसभर पॉलिशच्या मोटरीवर वाकलेला असायचा.

कारखाना म्हणजे एक लांबट हॉल. धूळ नको म्हणून खिडक्यांना पत्रे ठोकलेले, त्यामुळे भर दुपारीही दिव्यांवर काम चाले. भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. कुणाकुणाची तोंडं, ओळीने, वासलेली. ताई मेणात दात बसवायची. कवळ्यांचे काठ घासायला दोघी बहिणी होत्या. सगळ्यात मागे, प्लास्टरच्या खोलीत काका. दाराजवळच्या काचेच्या केबिनमध्ये मालक. यंत्रं चालू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळं बंद होई, आणि मग टाचणी पडली तरी कळे.

पॉलिशवाला काही पहिल्यापासून असा नव्हता. आधी तो हसायचा, दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा. हौस म्हणून त्याने सगळ्यांच्या दातांचे ठसे घेऊन जबडे ओतले होते आणि आपल्या फळीवर मांडून ठेवले होते. मग बायको माहेरी निघून गेली, आणि त्यातच मालकांनी त्याची जागा बदलून त्याला कोपऱ्यात बसवलं. तेव्हापासून तो एकटा जेवू लागला. काम करता करता उठायचा आणि कुणाच्यातरी खुर्चीमागे येऊन नुसता उभा राहायचा. काही विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. मोजमाप घेतोय." मालक कधी जेवतात, मागचं दार कधी उघडतं का, हे त्याने रेडिओला सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं होतं.

एकदा ताईने त्याच्या फळीकडे नीट पाहिलं. त्या सगळ्या जबड्यांचे पुढचे दात मोटरीवर घासून सपाट केलेले होते. तिने तिचा स्वतःचा जबडा ओळखला. खालच्या वाकड्या सुळ्यामुळे तो ओळखायला सोपा होता. आता तिथे सुळा नव्हता, गुळगुळीत पांढरी सपाटी होती.

तिने तो जबडा मालकांसमोर नेऊन ठेवला.

"गंमत केली असेल," मालक म्हणाले.

"ही गंमत नाही, सर."

"मग काय आहे? प्लास्टरच्या दातांना दुखतं का?"

पुढे एका डॉक्टरची कवळी त्याने आपटून फोडली, तेव्हा मालकांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून नको नको ते सुनावलं आणि चालता हो म्हणून सांगितलं. तो ओरडला नाही. बोळा गालातल्या गालात फिरवत सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिला आणि म्हणाला, "बरं. येतो." आपला कप, टॉवेल, चष्मा, काहीसुद्धा न घेता तो गेला. मालक हात झटकत म्हणाले की सुटलो एकदाचे. ताईला मात्र तो टॉवेल खुंटीवर लोंबताना बघून बरं वाटलं नाही. कायमचा जाणारा माणूस आपलं सामान उचलतो.

जिन्यात पावलं ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीत, ती पुन्हा आली. या वेळी जाळीच्या दारापर्यंत. मग साखळी खळखळली. दाराच्या गजांतून कुणीतरी साखळी ओवून घेतंय, असा आवाज. रेडिओ दारासमोरच बसली होती. तिच्या समोर दार उघडं होतं, आणि त्याला साखळी नव्हती. ती बोलत राहिली, पण आवाज चढवून, जणू स्वतःच्या बडबडीने कान बंद करून घेत होती.

रोज ती चाहूल थोडी पुढे येत गेली. दार, साखळी. मग भिंतीवरच्या मेन स्विचचा खटका पडल्याचा आवाज, दिवे मात्र चालूच. मग केबिन. तिथे पावलं बराच वेळ थांबायची. तिथून बहिणींच्या बाकापाशी. त्यातली धाकटी एकदा घास तसाच हातात धरून रडायला लागली. तिला विचारलं तर म्हणाली, "मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय..."

मग एके दिवशी पावलं ताईच्या खुर्चीमागे येऊन थांबली. लवंगेचा वास इतका दाट झाला की तिला ठसका लागला. तिने मागे पाहिलं नाही. समोरच्या मेणावर तिची नजर खिळली होती, आणि मेणात बसवलेले दात ती एकेक करून मोजत राहिली. बऱ्याच वेळाने पावलं निघून गेली. प्लास्टरच्या खोलीकडे मात्र ती वळलीच नाहीत.

संध्याकाळी ती काकांपाशी जाऊन बसली. काका प्लास्टर कालवायचं भांडं उगाच धूत होते.

"काका, तुम्हाला ऐकू येतं ना?"

"ऐकू येतं," काका हळूच म्हणाले. "मेला असेल गं तो. जीव अडकला असेल इथे."

"जिवंत आहे. काल माझ्या नवऱ्याने त्याला समोरच्या चौकात बघितलं. ह्या इमारतीकडे तोंड करून उभा होता. भुताचं सोडून द्या. रोज तेच चाललंय, बघितलंत का? आधी साखळी, मग दिवे, मग केबिन, मग आम्ही. तो मनात रोज तालीम करतोय, आणि काय करणार आहे, ते आपल्याला आधीच ऐकू येतंय."

काकांनी भांडं खाली ठेवलं. "आणि इकडे येत नाही..."

"कारण तुमच्या खोलीतलं मागचं दार कायम बंद असतं, हे त्याला ठाऊक आहे. पोती आहेत ना तिथे."

नवरा तिला म्हणत होता, सोड ती नोकरी, खड्ड्यात गेला कारखाना. तिलाही ते पटत होतं. पण आपण उठलो तर त्या खुर्चीवर दुसरी कुणीतरी बसेल, आणि पावलं तिच्यामागे थांबतील, हा विचार तिच्याने गिळवेना. ती पोलीस चौकीत जाऊन आली. तिथले हवालदार बरे होते, म्हणाले, "बाई, त्याने काही केल्याशिवाय आम्ही काय करणार? पण हा नंबर ठेवा. फोन आला की लगेच निघतो."

मग तिने आणि काकांनी मागच्या दारासमोरची प्लास्टरची पोती ओढून बाजूला केली. गंजलेल्या कडीला तेल पाजलं. दार लोखंडी जिन्यावर उघडत होतं; त्याला बाहेरूनही एक अडसर होता, तोही हलता केला. रेडिओला तिने बजावलं, "तो दिसला की किंचाळायचं नाही. नेहमीच्या आवाजात म्हणायचं, ताई, गुलाबी मेण संपलं. सगळ्यांनी हातातलं टाकून काकांच्या खोलीतून खाली उतरायचं, आणि समोरच्या सायकलच्या दुकानात जमायचं. तिथून फोन करायचा."

"आणि मालक?" रेडिओने विचारलं.

मालकांना हे कळलं तेव्हा ते केबिनमधून तरातरा बाहेर आले. "ताई, तुम्ही माझ्या माणसांना घाबरवताय. कसली पावलं? उंदीर झालेत इथे. पुन्हा हे ऐकू आलं तर आणखी एक खुर्ची रिकामी करता येते मला."

"करा," ताई म्हणाली. "पण पोती परत लावू नका."

त्यांनी पोती लावली नाहीत, एवढंच काय ते केलं.

पुढे काही दिवस चाहूल न चुकता येत राहिली. आणि मग एका दुपारी ती आलीच नाही. यंत्रं थांबली, डबे उघडले, आणि हॉलमध्ये काहीच वाजेना. धाकटी बहीण सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "गेलं वाटतं." ताईला मात्र ते पटलं नाही. तालीम पुरी झाली की माणूस पुन्हा तालीम कशाला करेल... तिने डबा बंद केला आणि उठून उभी राहिली.

तेव्हा जिन्यात पावलं वाजली. टक्, घस. या वेळी पायऱ्यांवरची वाळूही करकरली, आणि कठडा हलला.

"ताई," रेडिओचा आवाज कोरडा पडला होता, पण चढला नव्हता. "गुलाबी मेण संपलं."

बहिणी उठल्या. रेडिओ टेबल सोडून भिंतीकडेने मागे आली. काकांनी आतलं दार धरलं होतं. ताईने त्यांना पुढे घातलं आणि स्वतः उलटी फिरली. केबिनमध्ये मालक पेपर वाचत जेवत होते. तिने त्यांची बाही धरली.

"हा काय तमाशा..."

जाळीचं दार ओढल्याचा आवाज आला. मग साखळी. मालकांचा घास तोंडातच राहिला. ज्यांना आजवर काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांना आता ते ऐकू येत होतं. तो साखळी ओवण्यात गुंतलेला असतानाच ताईने त्यांना जवळजवळ फरफटत फळ्यांच्या कडेने नेलं. पाठीमागे खटका पडला आणि हॉल काळोखात बुडाला.

त्या काळोखात ती चालली, ती केवळ हाताला लागणाऱ्या जबड्यांच्या आधाराने. एक पाऊल तिचं, एक त्याचं. तो घाईत नव्हता. केबिनपाशी तो थांबला. मग काच फुटली, आणि जिथे मालकांचं डोकं असायचं तिथे काहीतरी जड आदळलं, पुन्हा पुन्हा. मालक ओरडायला गेले. तिने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

प्लास्टरची खोली. दार. बाहेरचं ऊन डोळ्यांत सुयांसारखं घुसलं. काकांनी दार लोटलं आणि अडसर सरकवला. आतून बहिणींच्या बाकावर घाव पडले. मग टक्... घस... आणि एक खुर्ची मोडली. ताईने तो आवाज ओळखला. ती तिचीच होती. आतला माणूस काही बोलत नव्हता, शिव्या देत नव्हता. नुसता, कामाला लागल्यासारखा, एकेक जागा संपवत होता.

खाली सायकलच्या दुकानात सगळे जमले. एकाही माणसाला ओरखडा नव्हता. मालक पायरीवर बसून ओकत होते. हवालदार खरंच लगेच आले. साखळी तोडून ते आत गेले तेव्हा पॉलिशवाला आपल्या जुन्या कोपऱ्यात, बंद मोटरीसमोर, मांडीवर मोठा हातोडा घेऊन शांत बसलेला होता. त्याने झटापट केली नाही. खाली आणल्यावर त्याने ताईकडे पाहिलं. गालात बोळा होता.

"रोज येत होतो," तो म्हणाला. "कुणी अडवलं नाही."

"आम्ही ऐकत होतो," ताई म्हणाली.

तो हसला. घासून सपाट केलेले त्याचे पुढचे दात तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

कारखाना पुन्हा सुरू झाला. नवी काच, नवे बाक. मालकांनी आपलं टेबल मागच्या दाराजवळ हलवलं, आणि कुणी काही सांगायला आलं की हातातलं ठेवून ऐकू लागले. त्यांच्याच सांगण्यावरून आता सगळे एका लांब टेबलाभोवती एकत्र जेवायचे. पॉलिशवाला तुरुंगात होता. तिथून सुटण्याचं लवकर नाव नव्हतं. रेडिओ पूर्वीसारखी वाजायला लागली होती.

अशाच एका दुपारी यंत्रं थांबली. सगळे बसले, डबे उघडले. रेडिओ कुणाच्यातरी लग्नातली फजिती सांगत होती, काका हसत होते, मालक भाकरी मोडत होते. आणि हॉलमध्ये एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

टेबलाभोवतीचं कुणीच उठलं नव्हतं.

पावलं निघाली. नाल नव्हती, पाय ओढणं नव्हतं. हलकी, सपाट, रोजच्या वापरातल्या चपलांची पावलं. आणि ती जिन्यातून आलेली नव्हती, ह्याच टेबलापासून निघालेली होती. ती सावकाश जाळीच्या दारापर्यंत गेली. तिथे जरा थांबली. मग आतल्या बाजूने साखळी ओवल्याचा आवाज आला.

रेडिओ वाक्याच्या मध्येच थांबली होती.

पावलं परत आली. टेबलापाशी येऊन खुर्ची पुढे ओढली गेली, आणि कुणीतरी पुन्हा जेवायला बसलं.

कुणी मान वर केली नाही. सगळेजण, मालकसुद्धा, टेबलाखाली एकमेकांच्या चपलांकडे पाहत होते.