शेवटच्या टाक्याची गाठ

मापाची पट्टी हातात घेऊन धाकटा भाऊ दारात उभा राहिला, आणि पलंगावर पडलेल्या ताईच्या काळजात चर्र झालं! वर्षानुवर्षं ज्या खोलीचा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता, त्या खोलीत तो आज आला होता... पण बहिणीला भेटायला नव्हे, तिच्या शवपेटीचं माप घ्यायला!

मागणी तिचीच होती. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनंच भावजयीकडून निरोप धाडला होता, की माझी पेटी त्यालाच करू दे, आणि माझ्या डोळ्यांदेखत करू दे. शवपेट्या करणं हा घरचाच धंदा, अप्पांनी सुरू केलेला. लाकडाचं काम पुरुषांचं आणि आतलं पांढरं अस्तर शिवायचं काम ताईचं, हे ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठरलेलं.

"तिला विचार, पाय सरळ होतात का," भाऊ बायकोला म्हणाला. ताई हाताच्या अंतरावर होती!

"वन्सं, पाय सरळ होतात का, विचारताहेत," भावजय बिचारी मान खाली घालून म्हणाली.

"होतात म्हणावं. आणि पेटी जरा ऐसपैस कर म्हणावं, जन्मभर कोपऱ्यात अंग चोरून झोपले मी," ताई हसून म्हणाली.

भाऊ हसला नाही. त्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत पट्टी धरली, पेन्सिल कानावर खोचली आणि तो चालता झाला. माप घेताना त्याची बोटं क्षणभर तिच्या केसांना लागली होती. त्या ओझरत्या स्पर्शानं तिचा जीव किती कासावीस झाला, हे त्या खुळ्याला कुठं ठाऊक!

हाच का तो? ह्याला जन्म देऊन आई गेली, दोन-चार वर्षांत अप्पाही गेले, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन, एका म्हाताऱ्या सुताराच्या आधारानं तिनं कारखाना चालू ठेवला. चांगलं सांगून आलेलं स्थळ 'हा हाताशी येऊ दे, मग बघू' म्हणून परत पाठवलं. तो 'मग' काही उजाडला नाही, आणि तिनंही कधी कुरकुर केली नाही.

आणि मग चिमणी गेली... भावाची एकुलती एक लेक, चार दिवसांच्या तापानं! इस्पितळातून घरी येताना भाऊ भर रस्त्यात आभाळाकडे मुठी उगारून ओरडत होता, "कुठाय तो देव? बोलवा त्याला!" त्या एवढ्याशा पेटीचं अस्तर ताईनं एकटीनं बसून शिवलं. आसवं सांडली तर पांढऱ्या कापडावर डाग पडतील, म्हणून ओठ दातांखाली धरून शिवलं. दफनाच्या आधी भावानं चिमणीचा लाकडी ससा ठेवायला उशी उचलली, आणि खाली त्याला शेवटच्या टाक्याचा दोरा दिसला. गाठ न मारलेला, तसाच सुटा.

"माझ्या पोरीच्या कामातसुद्धा घाई केलीस? एक गाठ मारवली नाही तुला? डोळ्यांत टिपूस नाही, हातात माया नाही! आजपासून तू माझी कुणी नाहीस!" चर्चच्या साऱ्या मंडळीसमोर तो ओरडला.

उत्तर होतं तिच्याकडे, एका वाक्याचं. ताईनं तोंड उघडलंही... पण तिनं पाहिलं, आभाळाकडे उगारलेल्या मुठी आता तिच्याकडे वळल्या होत्या. पुढच्या रविवारी भाऊ प्रार्थनेला आला. तिच्यापासून लांब, बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला, पण आला! देवावर रागावून हा कुठल्या कुठे वाहवत जाण्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा, असं म्हणून तिनं ते वाक्य गिळलं ते गिळलंच. एका छपराखाली राहून तिचं ताट वेगळं झालं, दिवस मुके झाले.

आता मात्र तिला भीती वाटत होती. किती जणांना तिनं धीर दिला होता, की रडू नका, प्रभूमध्ये निजलेला माणूस सार्वकालिक जीवनात जागा होतो! स्वतःवर वेळ आली तेव्हा तेच शब्द तिला पुरेनात. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तिनं खणखणीत 'आमेन' म्हटलं, आणि दार लागल्यावर तीच भिंत, तेच छत. पेटीत जागा किती कमी असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? झाकण लागल्यावर तिथं खरंच कुणी हाक मारणार होतं का... की नुसता अंधार?

पेटी तयार झाली. ती तिच्या दाराशी दोन स्टुलांवर ठेवून भाऊ अस्तर शिवायला बसला. ताई आजारी पडल्यापासून तो अस्तर सरळ मशीननं पिना मारून ठोकत असे. आज मात्र त्यानं सुई घेतली होती. दुपारच्या उन्हात त्याची जाडजूड बोटं अडखळत होती.

"टाका मोठा पडतोय," न राहवून ताई छताकडे बघत पुटपुटली.

भावानं टाका उसवला आणि बारीक घातला.

अखेर उशीखालचा शेवटचा टाका आला. त्यानं गाठीसाठी दोरा बोटाभोवती घेतला मात्र, ताई किंचाळली, "नको! गाठ मारू नकोस!"

"का?" तो दचकून म्हणाला. इतक्या वर्षांनी थेट तिला म्हटलेला पहिला शब्द!

बोलायचं नाही असं ठरवलेलं भीतीपुढे टिकलं नाही. "अप्पांची रीत आहे ती. मला शिकवली तेव्हा तू पाळण्यात होतास. शेवटच्या टाक्याला गाठ मारायची नाही, दोरा उशीखाली सुटा सोडायचा. ते म्हणायचे, इथं कुणी कायमचं राहायला येत नाही. प्रभू हाक मारील तेव्हा उठायचंय, उठणाऱ्याला आपल्या गाठीची अडचण नको. प्रत्येक पेटीत मी तसाच सोडला... आता माझी पाळी आलीय, आणि मला फार भीती वाटते रे!"

भावाच्या हातातली सुई गळून पडली. "म्हणजे... चिमणीच्या पेटीत..."

"तिचा तर मी हातभर लांब सोडला होता. एवढेसे हात तिचे... पटकन सापडायला नको?"

"ताई!" तो धावत आत आला आणि पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागला. "का नाही सांगितलंस? भर मंडळीत मी तुला... का गं सोसलंस, ताई?"

"तुला तेव्हा कुणावर तरी रागवायचंच होतं. देवाला सोडून मला धरलंस. मला चाललं."

"मला नाही चाललं!" तो लहान मुलासारखा ओरडला, आणि चिमणी गेली तेव्हापासून अडवून धरलेली ताईची आसवं घळाघळा वाहू लागली. आता कुठल्या अस्तराला जपायचं होतं?

बऱ्याच वेळानं तो उठला. पेटीतला दोरा त्यानं चांगला लांब ठेवून तोडला आणि उशीखाली सरकवला. मग पाठमोराच म्हणाला, "ताई, तिथं चिमणी भेटेल?"

"भेटेल," ती सवयीनं म्हणाली.

"मग तिला सांग, बाबाला दोऱ्याचं माहीत नव्हतं. बाबा चुकला म्हणावं. आणि ससा उशीच्या डाव्या अंगाला आहे, तो आणायला सांग. तुझ्या आईची सगळी कामं आटपली की आम्ही दोघं येतोच म्हणावं, मागून."

पलीकडच्या गल्लीत धाडावं, तसं त्यानं सांगितलं! ताई त्याच्याकडे बघतच राहिली. अंधार तोच होता, वाट एकटीचीच होती. पण आता तिथं तिला काम होतं, निरोप पोचवायचा होता, आणि कुणीतरी तो ऐकायला थांबलेलं होतं.

"विसरशील हं," भाऊ नाक पुसत म्हणाला.

"विसरेन कशी? पण पुन्हा एकदा सांग, पहिल्यापासून," ताई म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून, डोळे मिटून, त्याचा आवाज ऐकत राहिली.