तोतयाला वाट नाही

लिफ्टमध्ये शेजारच्या अनोळखी माणसापाशी तिनं मन मोकळं केलं आणि तिथंच फसली.

"चौथ्या मजल्यावर कुणी तपासनीस आहे म्हणे. महाखडूस! सोन्यासारख्या कामात खोट काढतो."

"अगदी खरं," तो म्हणाला, आणि चौथ्यावर उतरून तपासनिसाच्याच खोलीचं कुलूप उघडू लागला. आता काय बोलणार, कपाळ!

रुग्णालयातल्या, रुग्णाला औषध सोडणाऱ्या पंपाचं बोलणं, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण, तिनं रचली होती. परिचारिकेनं हातातल्या यंत्रावरून मात्रा पाठवायची, पंपानं सांकेतिक लिपीत ‘मिळाली’ म्हणून कळवायचं. खडूस ते बोलणं एका प्रोग्रामच्या हवाली करायचा. प्रोग्राम मग परिचारिका आणि पंप यांच्या मधोमध एक तोतया उभा करायचा... सगळं ऐकणारा, हवं ते अडवणारा, हवं तिथं ढकलणारा.

जेवणाच्या सुट्टीआधीच तोतया आत शिरला. ‘मिळाली’ हे कोणत्या परिचारिकेला, ते निरोपात नव्हतंच. तोतयानं तो उचलून भलत्याच परिचारिकेच्या हाती दिला, आणि तिनं पाठवलेली मात्रा वाटेतच अडवली. तिच्या रुग्णाला औषध गेलंच नाही, आणि ती बिचारी निश्चिंत!

"माझी आई परिचारिका आहे हो... तिच्याच वॉर्डात लागणार होतं हे."

"मग बरं झालं ना, आपल्याला आधी सापडलं?"

‘तुमची चूक’ म्हणाला नाही. तिनं वर पाहिलं. डोळे मुळीच खडूस नव्हते मेल्याचे!

मग ती रोज येऊ लागली. दुरुस्ती, पुन्हा तोतया, पुन्हा दुरुस्ती. ती आली की खडूसाचा चहा कपाबाहेर सांडायचा. आणि तिच्या मनात एक चोरटी भीती – तोतया शिरूच शकत नाही हे एकदा सिद्ध झालं, की इथं यायचं कोणत्या तोंडानं?

शेवटच्या तपासणीत प्रोग्राम थांबेचना, निकालच देईना.

"कधीकधी थांबतच नाही," तो म्हणाला. "मग... तुम्हाला पुन्हा यावं लागेल."

क्षणभर तिला तेच हवं होतं. लगेच आई आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात पडद्यावर उमटलं – सिद्ध.

"किती खाटांपर्यंत?" तिनं विचारलं.

"कितीही. कितीही परिचारिका, कितीही वेळा. लिपी शाबूत आहे तोवर, आपण नसू तेव्हासुद्धा. तोतयाला वाटच नाही."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं अथांग, आणि एका शब्दात!

शेवटी तिनं पिशवी उचलली. "झालं तर. आता माझं इथं काम नाही."

"नाही." तो दारापर्यंत आला. "कामाशिवाय... याल?"

"कशाला?" ती दारातच थांबली.

"तुम्ही मला आवडता म्हणून. याला पुरावा नाही माझ्याकडे."

"मागितलाय कुणी?" ती म्हणाली, आणि पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली.