ठिपकेवाल्याची गाडी

व्हॅनखाली उताणं पडून नट सोडवताना तिचा चष्मा नाकावरून घसरला, फरशीवर आपटला आणि सरकत सरकत कुणाच्या तरी चकचकीत बुटाशी जाऊन थांबला.

"पाय हलवू नका!" ती खालूनच ओरडली.

बूट हलला नाही. एक हात खाली आला, चष्मा उचलून वर गेला... आणि परत आलाच नाही. शेवटी वैतागून ती बाहेर आली, तर एक उंच, नीटनेटका तरुण खिशातल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने तिच्या चष्म्याची काडी घट्ट करत होता.

"माझा चष्मा उघडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"उघडत नाहीये, बसवतोय. माझं चष्म्याचंच दुकान आहे. अशी लोंबणारी काडी दिसली की हात शिवशिवतात."

"माझेही शिवशिवतायत. वेगळ्या कारणाने."

तो हसला. तिने चष्मा हिसकावून डोळ्यांवर चढवला आणि ते हसू तिला नको इतकं स्पष्ट दिसलं.

त्याच्या मागे त्याच्या वडिलांची गाडी उभी होती. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, वयाने या दोघांपेक्षा मोठी. आणि तिच्या पोटाखाली जमिनीवर तेलाचा एक काळाभोर ठिपका.

"स्टिअरिंग बॉक्स गळतोय," ती वाकून म्हणाली. "बदलून टाकू?"

"मिळेल?"

"नाही. या गाडीचा बॉक्स आता कुठेच मिळत नाही."

"मग विचारलंत कशाला?"

गॅरेज तिच्या मामांचं होतं. इंजिनची कामं तिथे सगळेच करत. स्टिअरिंगची मात्र तिने हट्टाने शिकून घेतली होती. चाक वळवलं की गाडी वळलीच पाहिजे, ही जबाबदारी तिला मनापासून आवडायची. तिने बॉक्स उतरवला, खोलला, धुतला, तेल अडवणारं नवं रबरी सील बसवलं, बेताचं तेल भरलं आणि गाडी अगदी ऐटीत परत केली.

आठवड्याने गाडी हजर. ठिपकाही हजर.

"हे कसं शक्य आहे?" ती गाडीलाच म्हणाली.

"तुमच्या चष्म्याची काडी पुन्हा ढिली झालीय," तो म्हणाला. "हे तरी कसं शक्य आहे?"

तिने पुन्हा सगळं खोललं. तो स्टुलावर बसून तिची काडी घट्ट करत राहिला. मधेच चष्मा तिच्या नाकावर ठेवून बघायचा, मान तिरकी करायचा, पुन्हा काढून घ्यायचा. त्याची बोटं कानामागे लागली की तिच्या हातातला पाना हमखास निसटायचा. त्या पान्याचाही तिला राग यायला लागला.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा अख्ख्या गॅरेजने त्याचं नाव ठिपकेवाला ठेवलं होतं. मामांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ बाळ, भाची आहेस म्हणून स्पष्ट सांगतो. चौथ्यांदा ही गाडी गळत आली, तर स्टिअरिंगची कामं मी बाहेर देणार. तू काउंटरवर बसायचं."

"मामा, माझ्या कामात चूक नाहीये!"

"मग तेल काय आकाशातून पडतं?"

त्याही वेळी बॉक्स दुरुस्त करून तिने संध्याकाळी गाडी परत दिली, पण रात्रभर तिला तोच प्रश्न छळत राहिला. सकाळी उजाडल्या उजाडल्या ती तडक ठिपकेवाल्याच्या घरी गेली. गाडी जागची हलायच्या आत तिला तो बॉक्स बघायचा होता.

फाटकातून आत शिरली आणि थबकलीच. गाडीचं बॉनेट उघडं होतं. एक म्हातारे गृहस्थ, गळ्यात मफलर, हातात लांब चोचीची तेलाची कुपी, स्टिअरिंग बॉक्सचं बूच काढून त्यात प्रेमाने तेल ओतत होते. अगदी काठोकाठ.

"काका! काय करताय?"

"तेल घालतोय," ते शांतपणे म्हणाले. "बॉक्स गळतो ना. गेली कित्येक वर्षं घालतोय मी. त्याशिवाय मला सकाळचा चहा जात नाही."

"अहो, पण गळती मी बंद केलीय!"

"मुलगाही तेच म्हणतो. पण ठिपका तर रोज दिसतो. म्हणून मी तेल घालतो."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "काका, तुम्ही घालता म्हणून तो ठिपका पडतो! गाडी चालली की तेल तापतं, फुगतं. आत जागाच ठेवली नाहीत, तर ते सील ढकलून बाहेर येणार नाही तर काय करणार?"

आवाज ऐकून ठिपकेवाला धावत बाहेर आला. अर्ध्या गालावर साबण, अर्धी दाढी झालेली. त्याने कुपी बघितली, वडिलांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"बाबा... रोज?"

"मग काय, गाडीला तसंच उपाशी पाठवू?"

तिला रागही आला होता आणि हसूही फुटत होतं. काकांचा चेहरा मात्र एवढासा झाला. तेव्हा तिने बरोबर आणलेलं नव्या सीलचं पाकीट फाडून बॉक्सचं सील बदललं, जास्तीचं तेल काढलं आणि काकांचं बोट धरून बॉक्सच्या तोंडाशी नेलं. "हे बघा, तेल इथवर. रोज बूच काढून बघायचं. कमी झालं तरच घालायचं. तपासायचं काम तुमचं."

"रोज?" काकांनी आशेने विचारलं.

"अगदी रोज."

त्याच दिवशी काका कुपी घेऊन स्वतः गॅरेजमध्ये गेले आणि मामांना सगळी हकीकत सांगून आले. मामा "बरं" एवढंच म्हणाले. पण दुपारी दुसऱ्या एका गाडीचा स्टिअरिंग बॉक्स त्यांनी आपल्या हाताने तिच्या टेबलावर आणून ठेवला.

पुढच्या आठवड्यात ठिपकेवाला आला. तिने गाडीखाली कागद पसरला आणि बऱ्याच वेळाने ओढून काढला. कोरडा ठणठणीत. तिला आनंदाने उडी मारावीशी वाटायला हवी होती. त्याऐवजी ती कागद उलटसुलट करून ठिपका शोधत राहिली. आता हा येणार कशाला?

तेवढ्यात चष्मा घसरला, आणि सगळा राग ठिपकेवाल्यावर निघाला.

"माझं सील टिकलं! तुमचा स्क्रू का टिकत नाही हो? चष्म्याचं दुकान काढलंय म्हणे!"

तो कानापर्यंत लाल झाला. खिशातून त्याने बोटाएवढी बाटली काढली. "यातला एक थेंब स्क्रूवर टाकला... की तो पुन्हा कधीच ढिला होत नाही."

"कधीपासून आहे ही तुमच्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी इथे मामांची बोलणी खात होते आणि तुम्ही... तू—"

"टाकला असता तर तुझा चष्मा माझ्या हातात दुसऱ्यांदा आला असता?" तो हळूच म्हणाला. "मला तू आवडतेस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुझ्या हातात पाना होता."

"आताही आहे."

"म्हणून तर एवढ्या लांब उभा आहे."

तिने चष्मा काढला, चार पावलं पुढे गेली आणि तो त्याच्या तळहातावर ठेवला. "टाक थेंब."

"पण मग..."

"टाक म्हणते ना! आणि उद्या संध्याकाळी ये. गाडी घरी ठेवून, चालत ये. कशासाठी म्हणून विचारलंस ना, तर हा पाना बघ!"

"मला दिसतोय पाना. चष्म्याशिवाय तुला तरी काही दिसतंय का?"

"मला सगळं दिसतंय," ती ठसक्यात म्हणाली. खरं तर तिला त्याचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं.