डाव्या गालावरची फुंकर

शर्वरी खानविलकरांच्या घराला आतून एकही दार नव्हतं. बाहेरचं तेवढं होतं, आणि ते ट्रॅक्टर आत घेता येईल इतकं रुंद होतं. पाटणच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेत हे घर बांधताना गवंड्याने विचारलं होतं, "बाई, गोडाऊन काढताय का?" बाईंनी "होय" म्हणून विषय मिटवला. खरं कारण सांगायची त्यांना तेव्हा परवानगी नव्हती.

२०७९ साली ते कारण सगळ्यांना कळलं. गुप्ततेची तीस वर्षांची मुदत संपली, 'श्येन' विमानांची माहिती खुली झाली आणि हवाई दलातले काही मोजके निवृत्त वैमानिक दारातून जाताना अंग तिरकं का करतात, याचा उलगडा झाला. आपले पंख चौकटीला घासतील अशी त्यांना धास्ती वाटायची. आपल्याला पंख नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धास्ती तरीही वाटायचीच.

डॉ. ओवी दिवेकर त्या दारातून आत आली तेव्हा शर्वरीबाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. तिला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "सरळ चालतेस की. तुझा बाप दारातून कधी सरळ आला नाही."

"तुम्ही ओळखलंत, मॅडम?"

"मॅडम नको, मावशी म्हण. आणि हनुवटी घरी ठेवून यायची होतीस, मग नसतं ओळखलं. बस. चहा टाकलाय."

श्येनच्या वैमानिकांच्या मुलाखती घेऊन त्या जपून ठेवण्याचं काम सरकारने एका अभ्यासगटाकडे दिलं होतं. गटातली इतिहासाची मंडळी आधी जाऊन आली होती. वेग किती, उंची किती, इंधन किती, याची उत्तरं वैमानिकांनी घडाघडा दिली. 'पण वाटायचं कसं?' असं विचारलं की मात्र ते खिडकीबाहेर बघत बसायचे. शेवटी मेंदूचा अभ्यास असलेलं माणूस पाठवावं असं ठरलं. ओवीचा तोच विषय. पण शर्वरीबाईंची मुलाखत तिने स्वतःहून मागून घेतली होती, आणि त्याचं कारण शास्त्रीय नव्हतं.

तिचे वडील, ग्रुप कॅप्टन शौनक दिवेकर, श्येनवर कायम शर्वरीबाईंच्या डाव्या बाजूला उडायचे. घरी त्यांनी जन्मभर 'सामानाची विमानं' एवढंच सांगितलं. चार वर्षांपूर्वी ते गेले, तोंड उघडायची मुभा मिळायच्या आधीच. माणूस वाईट नव्हता. फी वेळेवर भरायचा, सायकलची चेन बसवून द्यायचा. पण घरात असून घरात नसायचा. आई म्हणायची, याला इथे करमत नाही. त्यांनी आपल्याला पोटाशी घट्ट धरल्याचं ओवीला एकदाही आठवत नव्हतं.

आठवत होतं ते एकच. संध्याकाळी बाबा गच्चीवर वेताच्या खुर्चीत बसायचे. दुसऱ्यांदा दाढी केलेली असायची. ते दिवसातून दोनदा दाढी करायचे. मग ते तिला हाक मारायचे आणि डावा गाल पुढे करायचे. ती गालावर फुंकर घालायची, आणि बाबा डोळे मिटून हळूहळू उजवीकडे कलायचे, इतके की खुर्ची करकरायची. ती खिदळायची. बाबांचा चेहरा तेव्हा असा काही उजळायचा की तसा तो एरवी कधी दिसलाच नाही. ती दमून थांबली की ते फक्त एवढंच म्हणायचे, "अजून."

एवढ्या एका खेळावर ओवीने आपलं बालपण निभावून नेलं होतं. बाकी काही नसलं तरी आपण बाबांना हव्या होतो, याचा तिच्यापाशी हा पुरावा होता. त्यात आणखी थोडी भर पडावी, एवढीच तिची इच्छा होती. एवढी वर्षं शेजारी उडालेल्या बाईला तो कधीतरी आपल्याबद्दल काही बोलला असेल, नाही का?

चहा झाला. ओवीने रेकॉर्डर काढला, छोटा माईक शर्वरीबाईंच्या शर्टाच्या कॉलरला लावला आणि आवाज येतोय का हे बघायला, मुलाखती घेणारे सगळेच करतात तशी, सवयीने माईकवर फुंकर मारली.

शर्वरीबाईंनी डोळे मिटले. त्यांचं अख्खं अंग उजवीकडे कललं. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता आणि वयाने ओढलेला तो चेहरा पार उजळून निघाला होता.

ओवी वाकलेलीच राहिली.

"असं करू नये गं न सांगता," शर्वरीबाई डोळे उघडून म्हणाल्या. "फुंकर गालाला लागली माझ्या."

"तुम्ही कललात."

"कलणारच. डाव्या पंखाखाली ऊन हवा आली की डावा पंख उचलतो." त्या जरा ओशाळल्या. "हे असं का होतं, ते मला एकदा समजून घ्यायचंय. इतकी वर्षं कुणाला विचारायची सोय नव्हती. डॉक्टरला सांगावं तर गुन्हा. तू शिकलेली आहेस. मला समजेल असं सांग."

ओवीला सांगायचं नव्हतं. पण प्रश्न तिच्या विषयातला होता, आणि विषयावर बोलताना तिचा आवाज आपोआप स्थिर व्हायचा.

"आपल्या मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो, मावशी. बोटांची एक जागा, पायाची एक, ओठांची एक. बोटाला टाचणी टोचली की मेंदूतली बोटाची जागा जागी होते, तेव्हा कुठे आपल्याला कळतं की बोटाला टोचलं. पण या नकाशात शेजार जरा विचित्र आहे. हाताची जागा संपते तिथे लगेच चेहऱ्याची सुरू होते."

"बरं."

"एखाद्याचा हात अपघातात गेला, तर हाताची जागा रिकामी पडते. मग शेजारचा चेहरा हळूहळू तिच्यात घुसतो."

"बांध कोरतो म्हण की."

"अगदी तसंच," ओवीला हसू आलं. "बांध कोरतो. मग त्या माणसाच्या गालाला कुणी हात लावला, तर आपल्या गेलेल्या हातालाच कुणीतरी शिवलं असं त्याला वाटतं. हे पुष्कळ जुनं, पारखलेलं निरीक्षण आहे. श्येनमध्ये शास्त्रज्ञांनी याचाच उपयोग केला, पण उलटा. विमानाच्या पंखांवर स्पर्श ओळखणारे बारीक कण बसवले आणि त्यांचे संदेश एका जाळीतून थेट तुमच्या मेंदूत सोडले. याला आम्ही त्वचाजोड म्हणतो. या संदेशांना नकाशात जागा हवी होती. ती हात आणि गाल यांच्या मधल्या बांधावर काढली."

"म्हणून आम्हाला रडार लागायचं नाही," शर्वरीबाई म्हणाल्या. "रडार लावलं की आपण कुठे आहोत ते शत्रूला कळतं. आम्ही सगळं बंद करून उडायचो. डोंगर जवळ आला की त्याच्यावरून घसरलेली गार हवा पंखाला लागायची. दरीत सकाळचं ऊन पडलं की खालून ऊबदार हवा चढायची, ती पंखांच्या पोटाला कळायची. आणि शेजारच्या विमानाची हवा इथे लागायची." त्यांनी डाव्या दंडापासून हात लांब करून हवेतच एक जागा दाखवली. "तुझा बाप माझ्या डावीकडे असायचा. दिसायचा नाही, पण आहे हे कळायचं. त्याला उजवीकडे मी कळायचे. त्याच्या डावीकडे कुणी नसायचं. नुसतं आभाळ."

"कार्यक्रम बंद झाला, विमानं मोडीत काढली, जाळी काढून टाकली," ओवी पुढे बोलत राहिली. आता तिचा आवाज तितकासा स्थिर राहिला नव्हता. "पण नकाशात काढलेले पंख तसेच राहिले. नसलेल्या पंखांची ही जी जाणीव आहे, तिला पंखभास असं नाव दिलंय. आणि पंखांची जागा गालाला लागून असल्यामुळे..."

ती थांबली.

"असल्यामुळे काय?"

"असल्यामुळे, डाव्या गालावर कुणी ऊबदार फुंकर घातली, तर ती पंखाला लागते."

बोलून झाल्यावर ओवीने रेकॉर्डर बंद केला. बाहेर पवनचक्क्या घरघरत होत्या. शर्वरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना समजलं. त्यांनी चहाचा कप उगाचच सरळ करून ठेवला.

"घालायचीस का तू?"

"रोज संध्याकाळी," ओवी म्हणाली. "हॉस्टेलला जाईपर्यंत. मला वाटायचं, माझ्यासाठी कलतात." तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मावशी, तो माणूस माझ्याशी खेळत नव्हता. तो उडत होता."

शर्वरीबाईंना खोटं बोलता आलं असतं. तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"एक सांगते, मग तुझं तू ठरव," त्या अखेर म्हणाल्या. "कार्यक्रम बंद झाला तेव्हा नकाशा पुसून घ्यायची सोय होती. डोक्याला चुंबक लावून पंखांची जागा मोडून टाकायची. बहुतेकांनी पुसून घेतली. दारातून सरळ जायला लागले, झोपायला लागले, सुखी झाले बिचारे. मी आणि शौनक नाही म्हणालो. मी का, ते तुला दिसतंच आहे. एकटी आहे आणि सड्यावर येऊन बसलेय. त्याला मी विचारलं, तुला घरदार आहे, तू का नको म्हणतोस? तर म्हणाला, पुसताना शेजारचा गालही बधिर होतो असं डॉक्टर म्हणतात. आणि माझी पोरगी अजून लहान आहे."

"असं म्हणाले?"

"हेच शब्द. मी हसले त्याला. म्हटलं, लबाडा, पंख सोडवत नाहीत म्हणून लेकीचं नाव पुढे करतोस होय?"

"मग?"

"मग तोही हसला."

ओवी थोडी पुढे सरकली. "म्हणजे नक्की काय? तो गाल त्यांनी माझ्यासाठी राखला, की पंखासाठी?"

"मला कसं कळणार? तू डॉक्टर आहेस. तुझी फुंकर आणि तो वारा, या दोन गोष्टी त्याच्या मेंदूत वेगळ्या होत्या का?"

ओवीने नीट विचार केला. त्याच पेशी, तीच जागा, तोच संदेश. कोणत्याही यंत्राखाली घातलं तरी तिथे एकच ठिणगी दिसली असती. "नाही," ती म्हणाली. "वेगळ्या नव्हत्या."

शास्त्रानुसार उत्तर अचूक होतं. ते ऐकायला ती इतक्या लांबून आली नव्हती.

ती सामान आवरू लागली. माईक काढायला वाकली तेव्हा शर्वरीबाईंनी तिचं मनगट धरलं. इतका वेळ तिरकस बोलणारी ती बाई एकदम अवघडली.

"ओवी, इथे वारा पुष्कळ आहे. पण तो गार असतो आणि सगळीकडून येतो, त्याने पंख उचलत नाही. माणसाच्या फुंकरीला ऊब असते." त्यांनी मान वळवली. "मघाशी, एकच क्षण, डावीकडे शौनक असल्यासारखं वाटलं मला. कुणाकडे मागावं असं हे नाही. पण या वयात माझ्या गालाजवळ यायला कुणी नाही गं."

ओवीला राग यायला हवा होता. आलाही थोडा. आयुष्यातल्या ज्या एकमेव गोष्टीची तिला खात्री होती ती आज तिच्याच तोंडून मोडली होती, आणि आता तीच गोष्ट कुणीतरी पुन्हा तिच्याकडे मागत होतं. पण त्या गालापलीकडे, कुठल्याशा पहाटेच्या डोंगरांवर तिचे बाबा उडत होते, आणि तिथवर पोचायचा दुसरा रस्ता शास्त्राला अजून सापडलेला नव्हता.

ती खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने डाव्या गालावर सावकाश फुंकर घातली.

शर्वरीबाईंनी डोळे मिटले. अंग उजवीकडे कललं, खुर्ची करकरली.

"आहेत का?" ओवीने विचारलं.

"आहे."

"कसे आहेत?"

शर्वरीबाई हसत होत्या, आणि ते हसू ओवीसाठी नव्हतं. त्या खोलीत ओवी आहे याचाही त्यांना विसर पडला होता. तो चेहरा ओवीला पाठ होता. लहानपणी रोज तिने तो इतक्याच जवळून पाहिला होता आणि आपला मानला होता.

तिला धाप लागली, ती थांबली.

"अजून," शर्वरीबाई म्हणाल्या.

ओवीने छाती भरून श्वास घेतला.