चौथ्या भिंतीची पट्टी

कुलदीपच्या आधी माझी ओळख झाली ती त्याच्या पट्टीशी. दुपारची वेळ होती. मी काउंटरवर वाकून एका लग्नाच्या फोटोची काच पुसत होते, आणि दुकानाच्या दारातून एक पांढरीशुभ्र नक्षीदार पट्टी आत आली... येतच राहिली... आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली. चांगली दहा फुटांची. तिच्या शेपटाला लाल फडकं बांधलेलं होतं, आणि त्या फडक्याजवळ, अजून बाहेर रस्त्यावरच, तो उभा होता.

"अवो, माणूस आहे इथं!" मी ओरडले.

"सॉरी, सॉरी! मले वाटलं दुकान मोठं असंन."

"दुकान बरोबर आहे. तुमची पट्टीच लांब आहे."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल उजव्याच्या आधी हसतो. मला ते तेव्हाच दिसलं होतं, पण मी काच पुसत राहिले.

आमचं फ्रेमचं दुकान अकोल्यात टिळक रोडच्या एका बोळात आहे. गजानन महाराजांपासून बारशाच्या फोटोपर्यंत सगळ्यांना चौकट आम्हीच घालतो. बाबांचा उजवा खांदा आखडला आणि विजेची करवत माझ्या हातात आली. दोन तुकडे तिरपे कापून असे जोडायचे की मध्ये नखसुद्धा जाऊ नये, या कामात मी कोणाला हार जात नाही. बाकी माझा स्वभाव कसा आहे ते पुढे कळेलच.

कुलदीप कृषी विद्यापीठात कपाशीच्या बियाण्यांवर काम करतो. जठारपेठेतल्या घरातली आपली खोली त्याने स्वतःच सजवायला काढली होती. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे चारी बाजूंनी ही नक्षीची पट्टी फिरवायची. मोबाइलवर पाहून पाहून त्याने ती कापली होती आणि एकही कोपरा जुळत नव्हता.

"दोन्ही तोंडं एकमेकांकडे पाठ करून उभी राह्यतात," तो म्हणाला. "भांडण झाल्यावानी."

"सरळ धरून कापली असंन."

"मग कशी धरतात?"

"उलटी. छताची बाजू खाली, भिंतीची बाजू मागं टेकवून. मशीनचा पाट म्हणजे छत समजायचं."

"आणि डावं-उजवं?"

"तेही उलटं."

"मग सरळ काय राह्यते?"

"कापणारा," मी म्हणाले.

तो पुन्हा हसला. आधी डावा गाल, मग उजवा.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे असं कधी धरून चालायचं नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कोपऱ्यात बसवून कापून आणायचा, मग मी त्या कोनावर करवत लावते. आणि माप लिहायचं ते पट्टीच्या पाठीवर, पेन्सिलने.

"पाठीवर काही लिहिलं तरी चालते," मी म्हणाले. "एकदा चिकटली की घर पाडेपर्यंत कोणाले दिसत नाही."

"काहीही लिहिलं तरी?"

"काहीही."

हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. ते लक्षात असू द्या.

चार भिंती म्हणजे चार पट्ट्या. त्याच्या स्कूटरवर एका वेळी एकच मावायची, म्हणून तो चारदा येणार होता. मी हा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवला आणि चार भिंतींच्या खोलीबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. आठ का नसतात?

दुसऱ्या भिंतीच्या वेळी अवकाळी पाऊस आला. नोव्हेंबरातला, कोणी न बोलावलेला. काम होऊन गेलं होतं तरी तो दाराशी उभाच.

"पट्टी भिजली तरी तिले काही होत नाही," मी म्हणाले.

"मले होते ना."

"तुमाले काय होते?"

"सर्दी..." तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून त्याने स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं. मला कळेना. त्याने पुन्हा फिरवलं. मग मी आरशाच्या फ्रेममध्ये पाहिलं. माझ्या भुवया भुशाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "चांगलं दिसून राह्यलं."

त्या दिवशी मी बाबांना दोनदा चहा करून दिला. बाबांनी दोन्ही प्यायले आणि काहीच विचारलं नाही.

तिसऱ्या भिंतीच्या वेळी मी केस धुऊन आले होते. करवत चालवणाऱ्या बाईने केस मोकळे सोडू नयेत हे मला बाबांनीच शिकवलं आहे, तरी सोडले होते. मी पट्टी उलटी धरून कोन लावत होते आणि काउंटरवर त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर एका मुलीचा फोटो. सरळ रेशमी केस, हातात कॉफीचा कप. खाली नाव: अपेक्षा, अमरावती.

त्याने फोन उचलला नाही. मी करवतही चालवली नाही.

"कोण आहे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते... रविवारी अमरावतीचे पाव्हणे येऊन राह्यले. घर पाहाले." तो पत्रिकेचा पुठ्ठा बोटांत दुमडत म्हणाला. "आईनं ठरवलं. मले पंधरा दिवसांआधी समजलं. आई म्हणे, खोली चांगली दिसली पायजे."

म्हणजे ही नक्षी, हे कोपरे, माझी तीन दिवसांची मेहनत, सगळं त्या कॉफीच्या कपासाठी! मी माझ्याच हाताने दुसरीची खोली सजवत होते.

"असं सांगा ना बाप्पा," मी म्हणाले. "तुमचीच पत्रिका छापा आता. तिचा पुठ्ठा जाड घ्या, कोपऱ्यात चांगला बसते."

तो काहीतरी बोलणार होता. मी करवत सुरू केली. करवतीच्या आवाजात कोणाला काही बोलता येत नाही, आणि मी ती गरजेपेक्षा बराच वेळ चालवली.

मला मत्सर वाटला. साधा नाही, खदखदणारा. घरी जाऊन मी ते रेशमी केस आठवत राहिले. ती मुलगी रोज त्या खोलीत झोपणार, वर पाहणार, आणि मी जुळवलेले कोपरे बघत लोळणार. तिला काटकोन तरी माहीत असेल का? माझ्या हातून एका नवरीचा फोटो तिरका बसला आणि तो परत काढावा लागला. जेवताना बाबा म्हणाले, "पोळीनं तुयं काय बिघडवलं? काहून फाडून राह्यली तिले?"

शुक्रवारी तो चौथी पट्टी घेऊन आला. शेवटची. नऊ फूट दोन इंच. आज तो हसला नाही.

"एकदा खोली पाहाले येसान का?" त्याने विचारलं.

"मी कायले येऊ? पाहणारे येऊन राह्यले ना रविवारी."

"तुमाले... काही वाटत नाही?"

"मले काय वाटायचं? मी पट्टी कापणारी."

त्याने पट्टी काउंटरवर टेकवली. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला आणि तो बोलायला बाहेर बोळात गेला.

मी पट्टी मशीनवर उलटी धरली. खरं सांगते, मी करवत दोन सूत आत सरकवली होती. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढ्याने कोपऱ्यात काळी फट राहिली असती, आणि अमरावतीच्या पाहुण्यांना ती बरोबर दिसली असती. माझं बोट बटणावर होतं... पण हात काही पुढे जाईना. चुकीचं कापणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी करवत मागे घेतली आणि पट्टी कापली. मापात.

मग कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या पाठीवर लिहिलं:

"हा कोपरा प्रणालीनं कापला. अपेक्षा, रोज वर पाहून झोपशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव, या खोलीतलं पहिलं बरोबर माप माझं होतं."

वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून पट्टी त्याच्या हातात दिली. मन जरा हलकं झालं. उद्या ती भिंतीला चिकटणार, आणि माझं भांडण घर पाडेपर्यंत तिथेच राहणार होतं.

शनिवारी दुपारी मी एका फ्रेमच्या मागे पुठ्ठा चिकटवत होते. फ्रेम पालथी घातली, गमाची नळी हातात घेतली आणि माझा हात तिथेच थांबला.

गम कुठे लावतात? पाठीवर. म्हणजे चिकटवण्याआधी ती पट्टी तो उलटी करणारच!

हे मला शुक्रवारी माहीत नव्हतं का? आठ वर्षं मी हेच काम करते आहे. मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

मोबाइल हातात घेऊन मी रात्रीपर्यंत बसले. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. म्हणजे त्याने वाचलं, हसला आणि वरून गम फासला. रविवारी राहवलं नाही म्हणून मी स्कूटी काढली आणि उगाचच जठारपेठेतून गेले. पावतीवर त्याचा पत्ता होताच; त्याच्या दारात गाडी उभी होती. एमएच सत्तावीस. अमरावतीची. फाटकाजवळ चपलांचा ढीग, आणि त्यात एक चंदेरी नाजूक जोडी. मला त्या जोडीचासुद्धा राग आला. तिथूनच वळले आणि घरी येईपर्यंत डोळ्यांत धूळ गेल्याचं स्वतःलाच सांगत राहिले.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं. दहाच मिनिटांत दारातून एक पांढरी पट्टी आत आली... येत राहिली... आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली.

"ही लावता येत नाही," बाहेरून आवाज आला.

मी काउंटरमागून उठले. "काहून? माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. गम लावला तर लिहिलेलं झाकून जाईन."

तो आत आला. मी खाली बघत होते.

"शनिवारीच वाचलं," तो म्हणाला. "लगेच आईले सांगितलं, मले दुसरी पोरगी आवडते. आई म्हणे, पाव्हण्यांची तयारी झाली, आता तू तोंड उघडू नोको. मग नाही उघडलं मी तोंड."

"नाही उघडलं?" माझा आवाज चढला. "मग कायले आले इथं? ती कॉफीवाली—"

"आयका तर! तोंड नाही उघडलं. पट्टी उघडली. चौथी भिंत तशीच ठेवली रिकामी, आणि पट्टी कोपऱ्यात उभी केली. पाठ बाहेर करून. अपेक्षाले खोली दाखवाले आणलं अन् ती वाचत राह्यली. तिच्याच नावानं तर चिठ्ठी होती."

मी डोकं धरून स्टुलावर बसले.

"मग?"

"मग मले म्हणे, दोन तास गाडीत बसवून आणलं आमाले, आधी सांगता नाही आलं तुमाले? मी माफी मांगितली. चुकलंच ना माझं. मग तिनं टेबलावरची पेन्सिल मांगितली."

त्याने पट्टी उलटी केली. माझ्या ओळींखाली सुंदर, गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

"माप तुझं, खोलीही तुझीच. मला काटकोनातला माणूस हवा. अपेक्षा."

मी ते दोनदा वाचलं.  आणि तोंडातून पहिलं वाक्य हेच निघालं, "अक्षर चांगलं आहे तिचं."

"तुयं आवडते मले," तो म्हणाला. "तिरपं, रागावलेलं." मग त्याचे कान लाल झाले. तुमीवरून तूवर कधी आला ते त्यालाही कळलं नव्हतं. "येतं का मग? आई काल संध्याकाळपासून बोलत नव्हती माझ्यासंग. आज सकाळी म्हणे, लिहिणारीले घेऊन ये, कोण आहे ती भांडकुदळ मले पाहू दे."

बाबा आतून म्हणाले, "जाय ना पोरी. दुकान मी पाहतो." म्हणजे आजवर त्यांनी काहीच विचारलं नाही, ते त्यांना सगळं ठाऊक होतं म्हणून.

त्या खोलीत मी स्टुलावर चढले. त्याची आई दारात हात बांधून उभी होती. माझ्या पायातल्या साध्या चपला तिने पाहिल्या, मग वर जुळलेले दोन कोपरे पाहिले, आणि म्हणाली, "फट नाही म्हणा कुठं." मग चहा टाकायला गेली.

कुलदीपने खालून गमाची नळी पुढे केली.

"थांब," मी म्हणाले. "खोडरबर आहे का?"

"कायले?"

त्याने टेबलावरून शोधून दिलं. मी खाली उतरून पट्टी मांडीवर उलटी घेतली. अपेक्षाने लिहिलेली ओळ तशीच ठेवली, ती तिने मला दिली होती. पण तिचं नाव दोन्ही ठिकाणचं नीट, कडेपर्यंत, एक रेघही न ठेवता खोडलं. कोणाला दिसणार नाही हे मला माहीत होतं.

"अवं, घर पाडेपर्यंत कोण पाहते?" तो हसत म्हणाला. डावा गाल, मग उजवा.

"मी झोपणार ना इथं," मी म्हणाले, आणि मग गम लावला.