उलट्या शिंगाची गिटार

आधी फळी आत आली. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

याला आता नऊ वर्षं झाली. मामाच्या गिटारच्या कारखान्यात डावरी मशीनपाशी उभी होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन खिडक्या आणि सगळ्या वस्तूंवर भुशाचा एकसारखा थर, मामासकट. डावरी हे मामानं भाचीला ठेवलेलं नाव. ती सगळं डाव्या हातानं करायची. रुसायचीसुद्धा डाव्या हातानंच, असं मामाचं म्हणणं होतं.

तिनं मशीनच्या आवाजासाठी कानांवर चढवलेले कप काढून पाहिलं. फळी दारात तिरकी अडकली होती आणि फळीमागे एक माणूस अडकला होता.

"मदत करू का?"

"नको. आम्ही तिघं बोलून मार्ग काढतो."

"तिघं?"

"मी, फळी आणि दार."

दार ऐकायला तयार नव्हतं. शेवटी तिनंच फळी आडवी केली आणि दोघं आत आले.

तो दातांचा डॉक्टर होता. फळी त्याच्या वडिलांच्या टेबलाची. वडील शिंपी, चाळीस वर्षं त्यांनी याच फळीवर कापड बेतलं. ते गेले, दुकान रिकामं करायची वेळ आली आणि टेबल दवाखान्यात काही मावेना.

"पेशंट बाहेर ठेवले तर मावतं," तो म्हणाला. "पण त्यांना ते पटलं नाही. याची गिटार होईल ना? तेवढी मावेल."

डावरीनं फळीवरून हात फिरवला. कात्रीचे ओरखडे होते, चक्रीनं उठवलेल्या टिंबांच्या रांगा होत्या, आणि एका कोपऱ्यात खडूचा निळा रंग लाकडात पार मुरला होता.

"हे सगळं दर्शनी बाजूला राहू दे," तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला. "एवढंच आहे त्यांचं... हाताचं असं."

"राहील. गिटार उजव्या हाताची की डाव्या?"

"इंजेक्शन देतो त्या. उजव्या."

फळीत एकाच गिटारपुरतं लाकूड होतं. चुकायला जागा नव्हती. तिनं तसं सांगितलंही, आणि तो म्हणाला, "माझ्या धंद्यातही नसते."

दर गुरुवारी दुपारी त्याचा दवाखाना बंद असायचा. दर गुरुवारी तो फळीची चौकशी करायला यायचा. फळी अजून कारखान्याच्या हवेला सरावत होती, तिच्याबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नसायचं, तरी चौकशीला दोन-दोन तास लागायचे.

मशीनचं त्याला फार अप्रूप. आकार संगणकात काढायचा, फाइल मशीनला द्यायची, की गरगर फिरणारं पातं तो आकार लाकडातून कोरून काढतं. सीएनसी राउटर त्याचं नाव. मामा मात्र त्याला जावई म्हणायचा. आवाज मोठा, खाणं भरपूर आणि वर काही बोलायची सोय नाही.

"हा आवाज ऐकला की घरच्यासारखं वाटतं," डॉक्टर म्हणायचा. "फक्त इथे कोणी रडत नाही."

एका गुरुवारी त्याला फळीत भोक दिसलं. "कीड आहे," तो म्हणाला आणि पुढच्या खेपेला बॅग घेऊनच आला. भोक साफ केलं, दातात भरतात तो मसाला त्यात भरला, वरून घासून सपाट केला. मग फळीला गंभीरपणे म्हणाला, "दोन तास काही चावायचं नाही."

डावरी भुशासाठी लावलेल्या मास्कच्या आत हसली.

"हसलात," तो म्हणाला.

"कशावरून?"

"दिवसभर माणसांचे डोळेच बघतो मी. कोणाला दुखतंय, कोण घाबरलंय... कोण लपवतंय. सगळं कळतं."

तिनं कानांवर कप चढवले. कप चढवले तरी ते वाक्य आतच राहिलं.

आणि मग तो बुधवार आला.

त्या महिन्यात डावरी फावल्या वेळात स्वतःसाठी गिटार करत होती. तिनं डॉक्टरच्याच गिटारचा आकार घेतला, आरशात दिसावा तसा उलटा केला आणि वेगळा ठेवला. बुधवारी तिनं फळी मशीनवर आवळली, फाइल दिली, बटण दाबलं आणि उद्या गुरुवार आहे यावर विचार करत बसली. विचार पाऊण तास चालला. मशीनही तेवढंच चाललं.

भुसा झटकला तेव्हा गिटारच्या मानेच्या दोन बाजूंना निघणाऱ्या शिंगांपैकी लांब शिंग खाली होतं आणि आखूड वर. गिटारचं धड पूर्ण झालं होतं, सुंदर झालं होतं, आणि डाव्या हाताचं झालं होतं.

मशीनचा दोष हाच, की ते सांगितलेलं ऐकतं. मशीनच्या जागी मामा असता तर त्यानं आधी तीन प्रश्न विचारले असते. फळी पालथी करावी, तर शिंप्याच्या सगळ्या खुणा पाठीमागे गेल्या असत्या.

मामा आला, बघून घेतलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मी एकदा गिटारला भोकच ठेवायला विसरलो होतो," तो म्हणाला.

"मग?"

"गिऱ्हाइकाला म्हटलं, अंतर्मुख आहे."

"मामा, त्याच्या वडिलांचं टेबल होतं ते."

मामानं चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाला, "सांग त्याला. रंग चढवायच्या आत सांग."

गुरुवारी डॉक्टर आला. डावरीनं मास्क काढला. हे मास्क लावून सांगायचं नव्हतं.

"मी चुकले. तुमची गिटार उलटी कापली. माझ्या गिटारची फाइल दिली. दुसरं लाकूड नाही... आणि असतं तरी ते हे नसतं."

त्यानं गिटारचं धड उचललं. खडूच्या निळ्या डागावर बोट ठेवलं. डावरीला वाटलं, आता हा दारातून जाईल, आणि या वेळी अडकणारही नाही.

"बाबांनी एकदा गिऱ्हाइकाच्या शर्टाला बायकांसारखी डावीकडे बटणं लावली," तो म्हणाला. "याच टेबलावर. तो शर्ट परत करायला गिऱ्हाइकाची मुलगी आली. खूप भांडली."

"मग?"

"मग माझी आई झाली."

डावरीनं हातातला मास्क बाजूला ठेवला.

"शर्ट बाबांनीच वापरला, विरेपर्यंत. आई रोज म्हणायची, उलटा आहे. ते म्हणायचे, तुझ्या बाजूनं सरळ आहे."

खिडकीतून उन्हाची पट्टी आली होती. तिच्यात भुसा तरंगत होता.

"पण तुम्ही वाजवणार कशी?" तिनं हळूच विचारलं.

"वाजवता येतच नाही मला. कुठल्याच हातानं."

"मग आठ गुरुवार उजवी, उजवी काय लावलं होतं?"

"तुम्ही विचारलंत. माहीत नाही म्हटलं असतं, तर एका गुरुवारात संपलं असतं." त्यानं गिटार खाली ठेवली. "आता शिकेन. डावीच शिकेन. डावखुरा मास्तर शोधावा लागेल... आहे का कोणी ओळखीचं?"

"आहे," ती म्हणाली. "पण एक अडचण आहे. उजवा माणूस डाव्यासमोर बसला की आरशातल्यासारखं बघून शिकतो. दोघंही डावे झाले की समोर बसून काही कळत नाही."

"मग?"

"शेजारी बसावं लागतं."

"किती दिवस?"

"विद्यार्थी किती मठ्ठ आहे त्यावर."

"खूप आहे," तो म्हणाला.

मामानं पुढे मशीनचं जावई हे नाव काढून घेतलं. एका घरात दोन नकोत, गोंधळ होतो.

आज नऊ वर्षांनी त्याला तीन कॉर्ड येतात. चौथा तो मुद्दाम शिकत नाही, असा डावरीला दाट संशय आहे. गुरुवारी दुपारी ती शेजारी बसते, त्याची बोटं उचलून जागेवर ठेवते आणि ती पुन्हा चुकतात. त्याचं कोपर टेकून टेकून खडूचा निळा डाग आता फिका होत चाललाय.

"नीट शीक की आता," ती म्हणते.

"शिकलो तर तू उठून समोर जाऊन बसशील," तो म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.